सकाळचे बारा

“स्लीपिंग,” मी तिला सांगितलं. तिचा नवरा पहाटे पावणेतीनला गेला होता. आता सकाळचे साडेनऊ वाजत होते आणि फोनच्या पडद्यावर ती डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन, हसत विचारत होती, “ही इज गुड?” तिच्या भावाला बोलवेना, म्हणून त्याने फोन माझ्या हातात कोंबला होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा.

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात परदेशी पेशंटांच्या डेस्कवर बसते. कुठल्या ते लिहीत नाही, आणि त्या कुटुंबाच्या खाणाखुणाही बदलल्या आहेत. काम कारकुनीचं. व्हिसाची पत्रं, एस्टिमेट, डिपॉझिट, आणि डिस्चार्जच्या दिवशी ‘बिल एवढं कसं वाढलं’ यावर तासभर हुज्जत. इथिओपिया म्हणजे मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी, एवढंच मला शाळेपासून ठाऊक. मग अदिस अबाबाच्या विमानाने पेशंट यायला लागले आणि पहिली गडबड झाली ती घड्याळाची. एकाला मी आठची एमआरआय दिली, तो आला दुपारी दोनला, आणि वर म्हणतो मी वेळेवर आलोय. खरंच वेळेवर आला होता. त्यांचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, उजाडल्यावर होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दुपारचे दोन म्हणजे त्यांचे आठ. वर्षही आपल्यापेक्षा सात-आठांनी मागे आणि महिने तेरा. त्यामुळे पासपोर्टवरचं जन्मसाल एक, तोंडी सांगितलेलं दुसरं, आणि मधल्या मध्ये माझा डोक्याला हात.

तर ती सकाळ. २०२२चा ऑगस्ट. पेशंट गेला की आमच्या कागदांची रांग लागते: मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत, वकिलातीचं पत्र, एम्बामिंगचं सर्टिफिकेट, पेटी सील केल्याचं सर्टिफिकेट. फॉर्मवर पहिला नंबर बायकोचा होता. मी सवयीने व्हॉट्सॲप उघडून ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म’ टाकलं (टेम्प्लेट आहे आमच्याकडे, नाव तेवढं बदलायचं) आणि पाठवणार, तेवढ्यात आमच्या दुभाष्याने फोन माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. गरीब माणूस, एरवी ‘मॅडम’ म्हटल्याशिवाय बोलत नाही. शिकायला म्हणून मुंबईत आला आणि राहिला, वडापाव दोन्ही चटण्या मागून खातो. त्याला मी असा कधी पाहिला नव्हता.

अशी बातमी फोनवर देत नाहीत, तो म्हणाला. तिला मेर्दो म्हणतात. नातेवाईक, शेजारी आधी गुपचूप जमतात. कोण बोलणार ते ठरतं. मग भल्या पहाटे, माणूस घराबाहेर पडायच्या आत, सगळे मिळून दारात जातात. एवढ्या सकाळी एवढी माणसं पाहिली की अर्धं तिथेच कळतं. त्यांच्या अमहारिक भाषेत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे ‘तुझा नवरा काल रात्री’ इथपर्यंत म्हणून थांबता येतं, आणि पुढचं म्हणायची वेळ बहुधा येतच नाही.

“आणि तोपर्यंत तिच्याशी खोटं बोलायचं?”

“तोपर्यंत तिला झोपू द्यायचं,” तो म्हणाला.

म्हणून मी ‘स्लीपिंग’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी पेटी गेली. त्यानंतरच्या पहाटे तिच्या दारात माणसं जाणार होती, अदिसला सहा वाजता, म्हणजे त्यांच्या घड्याळात बारा वाजता. आपल्याकडे तेव्हा साडेआठ. मी दादरच्या पुलावर गर्दीत अडकले होते आणि घड्याळात बघत होते. मागून एक बाई म्हणाली, “अहो चला ना पुढे, बारा वाजवताय सगळ्यांचे.” खरंच असं म्हणाली.

हे सगळं मी विसरले असते. पण २०२४च्या नोव्हेंबरमध्ये, चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या डेस्कवर, आमच्या ‘कुटुंब’ ग्रुपवर नवऱ्याचा मेसेज आला: ‘आई ऑफ झाली.’ खाली पटापट हात जोडलेले. मी मोजले नव्हते, नंतर मोजले, सदतीस.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते, कारण तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. पहिलं आलं: आज रात्री सलग झोप मिळेल.

सासूबाईंना अर्धांग होऊन नऊ वर्षं झाली होती, त्यातली शेवटची सहा पलंगावर. नायगावात आमची एक खोली आणि पोटमाळा. त्या खोलीत त्यांचा पलंग, डायपरचे खोके, नळीतून द्यायच्या पेजेचं भांडं, गाळणं, आणि पडद्याच्या अलीकडे आम्ही तिघं. मी त्यांना आई म्हणायची, आणि माझ्या आईलाही आई, त्यामुळे माझा मुलगा लहानपणी विचारायचा, ओरडणारी आई की दुसरी. जीभ अर्धी लुळी पडली तरी टोमणे शाबूत होते. चहा पाणचट. पोर हडकुळं. पगाराची मिजास. आणि याच बाईने माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळताना पाक हातावर सांडून घेतला होता, त्याचा डाग शेवटपर्यंत त्यांच्या मनगटावर होता. मी रोज अंग पुसताना तो डाग पुसायची. रोज. त्या डागापाशी आलं की राग कुठे ठेवायचा ते कळायचं नाही.

मग दुखवट्याला माणसं यायला लागली आणि प्रत्येक जण दारातून आत येता येता एकच शब्द म्हणत होता. “सुटल्या.” बघत मात्र होता माझ्याकडे. “सुटल्या हो सासूबाई तुमच्या.” मी मान खाली घालून ‘हो’ म्हणायची. हा आपला शब्द किती लबाड आहे बघा. कर्ता बोलायचा एक, समजायचा दुसरा, आणि कोणी कोणाला पकडू शकत नाही.

बाराव्यानंतर मी कामावर रुजू झाले तेव्हा दुभाष्याला हे सांगितलं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, त्याला. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे याला नाव आहे. सेम-ना-वेर्क. मेण आणि सोनं. सोनार आधी मेणाची प्रतिमा करतो, तिच्यावर माती लिंपतो, तापवून मेण वितळवून काढतो आणि त्या पोकळीत सोनं ओततो. तशी त्यांची जुनी कविता: वरचा अर्थ मेण, आतला सोनं. घरी मी हे मोठ्या अभिमानाने धाकट्या दिरांना सांगितलं. ते झवेरी बाजारात कास्टिंगच्या कारखान्यात असतात. म्हणाले, “त्यात काय वहिनी, आमचं रोजचं काम आहे. मेण नीट जळलं नाही तर दागिन्यात छिद्रं पडतात.”

दुभाष्याने मग मला एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. त्याचं नाव ‘फिकिर इस्के मेकाबिर’, म्हणजे थडग्यापर्यंतचं प्रेम. लेखक हद्दिस अलेमायेहू. त्यांच्या पंचांगाने १९५८ साली आलं, आपल्या १९६५-६६मध्ये. मी अर्थातच इंग्रजीतून वाचलं. त्यांची लिपी शिकायचा उत्साह मला आठवडाभर टिकला. आपली बाराखडी, त्यांची साताखडी, एकेका अक्षराची सात रूपं, हे कळेपर्यंत मजा आली, मग ठेवून दिली. वेगायेहू निगातू नावाच्या नटाने ही कादंबरी रेडिओवर वाचली होती. दुभाष्याची आजी म्हणे त्या वेळी घरात कोणाला खोकूही द्यायची नाही.

नाव ऐकून मला वाटलं, लैला-मजनू असणार. आहेच. गरीब घरचा, देवळातली विद्या शिकलेला बेझाबिह. मोठ्या सरदाराची मुलगी सेब्ले वेंगेल, जिला तो अक्षरं शिकवतो. सरदार असा कुळाभिमानी की त्याच्या तोलामोलाचं स्थळच जगात नाही, आणि मुलगी तशीच घरात बसलेली. हे वाचताना मला आमच्या गावची निदान तीन घरं आठवली. दोघं शेवटी एकत्र येतात ते मरणाच्या दारात. पण मी अडकले ती सुरुवातीलाच, नवसापाशी. बेझाबिहच्या आईबापांनी त्याला लहानपणीच देवाला वाहिलेलं असतं. पोर जगावं म्हणून. जगलं तर लग्न करणार नाही, देवाचं राहील. म्हणजे ज्या मायेने त्याला जगवलं तीच त्याचा गळफास. आईवर चिडावं तर कसं? तिने तर आपलं पोर वाचवलं.

आपल्याकडे खंडोबाला मुलं वाहायचे. मुलगा वाघ्या, मुलगी मुरळी. त्यांची गाणी आपण जागरणात ऐकतो, भंडारा उधळतो, पण त्या मुरळीने आपल्या आईबद्दल काय धरलं असेल पोटात, हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं. हद्दिस अलेमायेहू स्वतः गोज्जामचे, देवळातल्या शाळेत शिकलेले, पुढे इटलीच्या कैदेत वर्षं काढलेले, मग राजदूत आणि मंत्री झालेले. एवढ्या मोठ्या माणसाने एका शेतकरणीच्या नवसावर इतकी पानं खर्च केली आणि तिला खलनायिका केलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. कथेत ‘गुडू’ कासा म्हणून एक जण आहे, लोक त्याला विचित्र म्हणतात, कारण जे दिसतं ते तो बोलतो. अशा माणसाला वेडा ठरवून मोकळं व्हायचं, हे सगळीकडे सारखंच.

पोटात, असं मी वर लिहिलं. अमहारिकमध्येही भावना पोटातच असतात. होद म्हणजे पोट. कोणाचं पोट भरून येतं, कोणाचं हलतं. आणि एक म्हण आहे, ‘होद यिफजेव’, म्हणजे पोटालाच काय ते भस्म करू दे, बाहेर काढू नये. आपण पोटात ठेवतो, पोटात घालतो, पोटात तुटतं, पोटतिडकीने बोलतो. गंमत म्हणजे कादंबरीला मात्र त्यांनी पोटातून काढून वर हृदयात नेलं. १९०८ साली रोममध्ये अफेवर्क गेब्रे येसूस यांनी छापलेल्या गोष्टीच्या नावात ‘लिब्ब वेलेद’ असे शब्द होते, हृदयात जन्मलेली. पहिली अमहारिक कादंबरी तीच, आणि पुढे त्या प्रकाराचंच नाव ते पडलं. आपण बाणभट्टाच्या नायिकेचं नाव उचललं. त्यांचं मला जास्त आवडलं, काय करू.

दुसरं पुस्तक ‘ओरोमाय’. हे गेल्या वर्षी, २०२५मध्ये, इंग्रजीत आलं तेव्हा मी विकत घेतलं आणि परळ ते नायगाव एवढासा रस्ता असल्याने मुद्दाम रविवारी ठाण्याला बहिणीकडे जाता-येता लोकलमध्ये वाचलं. लेखक बेआलू गिर्मा. वडील गुजरातेतून गेलेले व्यापारी, आई इथिओपियन. मूळ पुस्तक १९८३चं. तिथल्या लष्करी राजवटीने एरिट्रियातल्या बंडखोरांविरुद्ध मोठी मोहीम काढली होती, तिच्या प्रचाराचं काम सांभाळणारा पत्रकार हा कथेचा निवेदक. बेआलू स्वतः माहिती खात्यात मोठ्या पदावर, त्या मोहिमेत प्रत्यक्ष असलेला. पुस्तकात मीटिंगा फार आहेत, सुरुवातीला मला आमच्या हॉस्पिटलातल्या सोमवारच्या रिव्ह्यूची आठवण येत होती. पण हा निवेदक अदिसमध्ये ठरलेली बायको ठेवून आलाय आणि एरिट्रियातल्या अस्मारात फियामेता नावाच्या मुलीवर जीव लावून बसलाय, भाषणं विजयाची लिहितोय आणि डोळ्यांसमोर पोरं मरतायत, आणि त्याला या सगळ्यातलं कुठलं खोटं नाही. दोन्ही बायका खऱ्या, भाषणही खरं, मढीही खरी. ‘ओरोमाय’ हा शब्द अस्माराच्या बोलीतला, मूळ इटालियन. अर्थ साधारण ‘आता संपलं, आता काय’. आमच्या सासूबाईंचा त्याच अर्थाचा शब्द होता, ‘जाऊंदे मरांदे’.

पुस्तक बाजारातून उचललं गेलं, बेआलूची नोकरी गेली, आणि १९८४च्या फेब्रुवारीत एके दिवशी घरून निघालेला माणूस परत आला नाही. गाडी सापडली, तो नाही. त्याच्या घरी मेर्दो घेऊन कोण जाणार आणि वाक्य कुठलं सुरू करणार? मुलुंड येईपर्यंत मी हाच विचार करत होते. पुढे ठाणं आलं, गेलं, आणि मी कळव्याला उतरले.

पण मला सासूबाईंसाठी रडू आलं ते पुस्तकांच्याही आधी, आणि तेही त्यांच्या बहिणीमुळे.

मावशी मालवणहून निघाल्या त्या पाचव्या दिवशी पोचल्या, कोकणकन्येने, पहाटे दादरला. पंच्याऐंशीच्या पुढच्या. दिरांनी त्यांना टॅक्सीने आणलं तेव्हा सहा वाजले असतील. चाळीत नळाची गडबड चालू होती. जिना चढून, गॅलरीत पाय ठेवताच त्यांनी हेल काढला. “माजे बाये, माका टाकून खंय गेलंस गे...” गॅलरीतल्या कळश्या थांबल्या. आमच्या मजल्यावरच्या नव्या पोरींनी असं कधी ऐकलंच नव्हतं, एकीने तर मोबाईल काढला. तिला तिच्या आईने आत ओढलं.

हा हेल म्हणजे नुसतं रडणं नसतं. त्यात हिशेब असतो. मावशींनी बहिणीचं लहानपण काढलं, गिरणीच्या संपात पोटाला चिमटा घेऊन वाढवलेली पोरं काढली, आणि मग, त्याच सुरात, श्वास न घेता, माझ्यावर आल्या. सुनेक कितक्या बोललंस गे बाये, तिणा तुझा गू-मूत काढल्यान, तिका एक दीस बरा म्हणूक नाय तुझी जीभ वळली, आता तुका पाणी कोण पाजतला, माजे बाये. माझा नवरा खाली बघत होता. नणंद रडायची थांबली. भर घरात, मेलेल्या बाईला, तिच्याच सख्ख्या बहिणीने बोल लावले आणि ते सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण ते रडणं होतं. उभं राहून बोलल्या असत्या तर भांडण झालं असतं.

आणि मी, जिला पाच दिवस टिपूस आलं नव्हतं, मी मावशींच्या गळ्यात पडून त्या मेलेल्या बाईची बाजू घ्यायला लागले. “नाही हो मावशी, लाडू केले होते त्यांनी, हात भाजला होता त्यांचा,” असं काहीतरी.

दुभाष्याला सांगितलं तर तो जराही चकित झाला नाही. त्यांच्याकडे लेक्सोत, म्हणजे रडायला जमतात तेव्हा, जोडलेल्या ओळी म्हणणारी बाई असते, अस्लेकाश. ती जागच्या जागी रचते: गेलेल्याचं कौतुक, मध्येच टोला, आणि बसलेल्यांपैकी ज्याचं जे दुखतं तिथे बोट. लोक मयताच्या नावाने आपापलं रडून घेतात. तंबू, खुर्च्या, मोठी पातेली आणायला मोहल्ल्याचं इद्दिर असतं, दर महिन्याला वर्गणी भरून चालवलेलं. म्हटलं, हे आमच्या गिरणगावात होतं. प्रत्येक गावाचं मंडळ, तिरडीच्या सामानापासून गावाला तार करण्यापर्यंत सगळं बघणारं. आता मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर बातमी लवकर पोचते.

अदिसच्या त्या बाईचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. सप्टेंबरात त्यांचं नवं वर्ष येतं तेव्हा ती पिवळ्या फुलांचं चित्र पाठवते, मी दिवाळीला पणतीचं. ‘स्लीपिंग’बद्दल ती कधी बोलली नाही, मीही नाही.

नवरा हे वाचणार नाही. तो माझं काहीच वाचत नाही, ‘मोठं असतं’ म्हणतो. ताई, तुम्ही मात्र वाचता, मला माहीत आहे, लाईक करत नाही तरी. तुम्ही वर्षातून दोनदा यायचात आणि सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच रडलात, त्याचा मला राग होता, तो अजून सगळा गेलेला नाही. आता वरचं झोपेचंही तुम्ही वाचलंय. ग्रुपवर काही टाकू नका आणि फोनही नको. एखाद्या दिवशी सकाळी सहाला सरळ घरी या. नळ आलेला असतो, मी जागीच असते.